आयरिश भाषा : शब्द, समाज आणि इतिहास

आयर्लंडची मूळ भाषा गेल्गे. इंग्रजीत तिला आयरिश म्हणतात आणि मराठीतही तेच नाव रुळले आहे. इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या केल्टिक शाखेतली ही भाषा. या शाखेच्या उरलेल्या भाषांचे दोन गट पडतात. एकात आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि मॅन बेटावरची मँक्स येतात. दुसऱ्यात वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश. आयरिश म्हणजे इंग्रजीचीच एखादी गावठी बोली, असा समज बराच पसरलेला आहे. तो साफ चुकीचा आहे. इंग्रजी जर्मानिक शाखेतली; मराठी आणि फारसी यांच्यात जेवढे अंतर आहे त्याहून जास्त अंतर इंग्रजी आणि आयरिश यांच्यात आहे.

संस्कृत जाणणाऱ्याला जुन्या आयरिशमध्ये ओळखीचे चेहरे भेटतात. राजासाठी ‘री’, भावासाठी ‘ब्राथिर’, आईसाठी ‘माथिर’, घोड्यासाठी ‘एख’, दहासाठी ‘देख’. पण वडिलांसाठी मात्र ‘अथिर’, म्हणजे ‘पितृ’मधला ‘प’ गायब. ‘पूर्ण’ या अर्थाचा शब्द आहे ‘लान’. तिथेही ‘प’ नाही. मूळ भाषेतला ‘प’ गळून पडणे ही सगळ्याच केल्टिक भाषांची खूण आहे. अशा बदलांमुळे या भाषा इंडो-युरोपीय आहेत की नाहीत यावर विद्वानांत बरीच वर्षे वाद होता. फ्रान्झ बॉप यांनी १८३८ मध्ये त्या याच कुळातल्या असल्याचे दाखवून दिले, आणि १८५३ मध्ये योहान कास्पर झॉइस या जर्मन पंडिताच्या लॅटिन ग्रंथाने केल्टिक व्याकरणाचा शास्त्रशुद्ध पाया घातला.

या अभ्यासाचा एक धागा हिंदुस्थानातूनही गेला आहे. डब्लिनचे व्हिटली स्टोक्स १८६२ मध्ये मद्रासला आले आणि पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य झाले. दिवसा हिंदुस्थानचे कायदे रचायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश पोथ्या संपादायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता. भारतीय भाषांची प्रचंड पाहणी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन हेही डब्लिन परगण्यातलेच. त्यांच्या पाहणीचा १९०५ मध्ये निघालेला सातवा खंड मराठी आणि तिच्या बोलींना वाहिलेला आहे.

आयरिशचे सर्वांत जुने लेख दगडावर आहेत. ओघम नावाच्या लिपीत उभ्या दगडाच्या कडेवर आडव्या-तिरक्या रेघा आणि खाचा कोरून अक्षरे बनवलेली असतात. मूळ अक्षरे वीस, आणि मजकूर बहुधा खालून वर वाचायचा. असे सुमारे चारशे दगड टिकून आहेत. बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेत, केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या परगण्यांत. त्यांचा काळ साधारण चौथ्या ते सातव्या शतकातला. मजकूर अगदी त्रोटक : अमका, तमक्याचा मुलगा. ‘मुलाचा’ या अर्थाने तिथे कोरलेला ‘मकी’ हा शब्द आजच्या ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांत जिवंत आहे.

पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला आणि त्याबरोबर रोमन लिपी. आयरिश मठवासी युरोपभर फिरले. लॅटिन ग्रंथ शिकताना त्यांनी समासात आणि ओळींच्या मधल्या जागेत आपल्या भाषेत अर्थ लिहून ठेवले. आठव्या-नवव्या शतकांतल्या अशा टिपांच्या पोथ्या आज वुर्ट्सबुर्ग, मिलान आणि संक्ट गालेन येथे आहेत. आयर्लंडमधल्या त्या काळच्या बहुतेक पोथ्या स्वाऱ्या, आगी आणि ओल यांत नष्ट झाल्या. परदेशी मठांच्या कपाटांत राहिलेल्या वाचल्या. जुन्या आयरिशचे व्याकरण बव्हंशी या विद्यार्थी-टिपांवरूनच बांधले गेले आहे. एका नवव्या शतकातल्या वहीत एका भिक्षूने आपल्या पांगुर बान नावाच्या पांढऱ्या मांजरावर कविता लिहून ठेवली आहे. मांजर उंदीर शोधते आणि आपण अर्थ शोधतो, असा तिचा आशय. व्याकरणाच्या पंडितांना जेवढा आनंद त्या टिपांनी दिला, तेवढाच सामान्य वाचकांना या मांजराने दिला आहे.

हा समाज कसा होता हे समजायचे तर गाईपासून सुरुवात करावी लागते. आयरिशमध्ये गाय म्हणजे ‘बो’, संस्कृत ‘गो’चे सख्खे भावंड. रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात. त्यात ही ‘बो’च आहे. सुमारे इसवी सन ९०० मधल्या कोरमाकच्या कोशात त्याची रुंदीही सांगितली आहे : एक गाय लांबीत आणि दुसरी आडवी उभी राहील एवढी. मुलगा या अर्थी आज सर्रास वापरला जाणारा ‘बूअखिल’ हा शब्द मुळात गुराख्याचा. स्वतंत्र, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचा दर्जा ‘बो-आरे’, म्हणजे गाईंचा धनी. नाणी नसलेल्या त्या समाजात दुभती गाय हेच मोजमाप होते. दंड, खंडणी, हुंडा सगळे गाईंत सांगितले जाई. ‘कुमल’ नावाचे आणखी एक मोठे एकक होते. ते बऱ्याचदा तीन दुभत्या गाईंइतके धरत. शब्दाचा मूळ अर्थ मात्र दासी असा आहे, आणि त्या काळाचे कौतुक करणाऱ्यांनी तो विसरू नये.

आयर्लंडचे सर्वांत गाजलेले प्राचीन आख्यान ‘तॉन बो कूल्न्ये’ हेही गाईबैलांच्या लुटीचेच. कॉनॉख्टची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आपापल्या संपत्तीची तुलना करतात. बाकी सगळे सारखे भरते, पण नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त निघतो. त्याच्या तोडीचा तपकिरी बैल अल्स्टर प्रांतात आहे. तो आणण्यासाठी राणी सैन्य घेऊन निघते. अल्स्टरचे योद्धे शापाने अंथरुणाला खिळलेले असतात आणि कू खुलिन हा कोवळा वीर एकटा सीमा अडवून उभा राहतो. महाभारतातल्या विराटपर्वातले गोग्रहण आठवावे असा हा प्रसंग आहे. दोन्हींत थेट देवघेव झाली असे म्हणण्याला आधार नाही. गोधन हीच संपत्ती मानणाऱ्या समाजांनी एकसारख्या गोष्टी रचल्या एवढेच.

या समाजाचे कायदे सातव्या-आठव्या शतकांत लिहून काढले गेले. न्याय सांगणाऱ्या पंडिताच्या नावावरून इंग्रजांनी त्यांना ‘ब्रेहन कायदे’ म्हटले. देशात शंभराहून अधिक छोटी राज्ये होती, पण कायदा बराचसा एकच होता आणि तो राजाचा नव्हे, पंडितांचा होता. प्रत्येक माणसाची ‘तोंडाची किंमत’ ठरलेली असे. ज्याचा अपमान किंवा घात होई त्याला त्याच्या दर्जाप्रमाणे ती मिळे. ‘तोंड दाखवायला जागा न उरणे’ ही कल्पना ज्या भाषेत आहे तिच्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. कायद्याचा तपशील कधीकधी थक्क करतो. मधमाश्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे : एकाच्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरत असतील तर पुढे त्या पोळ्याच्या नव्या थव्यांत शेजाऱ्यालाही वाटा मिळे.

यातली एक तरतूद भारतीय वाचकाला थांबवते. सामान्य माणसाकडून येणे असेल तर त्याची गुरे अडकवता येत. पण देणेकरी राजा, कवी किंवा धर्माधिकारी अशा वरच्या दर्जाचा असेल तर फिर्यादीने आधी त्याच्या दारात उपाशी बसायचे. या उपोषणाला ‘त्रोस्काद’ म्हणत. देणेकऱ्याने हमी द्यायची किंवा दावा मान्य करायचा. दाराशी माणूस उपाशी असताना त्याने खुशाल जेवावे हे कायद्याला मंजूर नव्हते. जो उपोषणाची दखल घेत नसे त्याची पत जाई आणि त्याला दुसऱ्याकडूनही न्याय मागता येत नसे. हेन्री मेन हे स्टोक्स यांच्याप्रमाणेच व्हाइसरॉयचे कायदा सदस्य होते. त्यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात याची तुलना हिंदुस्थानातल्या धरण्याशी केली. मराठी इतिहासाला धरणे चांगले परिचित आहे. थकलेल्या पगारासाठी सैनिक सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरून बसत. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत त्याचे वर्णन आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच : ज्याला बळाने नमवता येत नाही त्याला लाजेने नमवायचे. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्वीनी १९२० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले. पुढे १९२९ मध्ये लाहोरला जतींद्रनाथ दास ६३ दिवसांनी गेले, तेव्हा मॅकस्वीनी कुटुंबाकडून सहानुभूतीची तार आली होती. आधुनिक राजकीय उपोषणाचा वारसा सरळ ब्रेहन कायद्यातून आला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण आयरिश कार्यकर्त्यांना तो जुना कायदा ठाऊक होता हे खरे.

भाषेच्या रचनेकडे वळताना आधी एक गोष्ट. आयरिश वाक्य क्रियापदाने सुरू होते, मग कर्ता, मग कर्म. मराठीच्या नेमके उलट टोक. पण वाक्याच्या आतला स्वभाव मात्र आश्चर्य वाटावे इतका मराठीच्या जवळचा आहे. आयरिशमध्ये ‘बाळगणे’ या अर्थाचे क्रियापदच नाही. ‘तॉ ल्याउर अगम’ म्हणजे ‘माझ्याकडे पुस्तक आहे’. शब्दाला शब्द तेच. भाषा येते हेही तसेच सांगायचे : ‘तॉ गेल्गे अगम’, गेल्गे माझ्याजवळ आहे. भूक, तहान, दुःख, लाज यांचा कर्ता माणूस नसतो. त्या माणसावर येतात. ‘तॉ ब्रोन ओरम’ म्हणजे दुःख माझ्यावर आहे, आणि ‘माफ करा’ म्हणायचे तर हेच म्हणायचे. मराठीत भूक ‘लागते’ आणि राग ‘येतो’. इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्याला हे डोकेदुखीचे वाटते. मराठी माणसाला वाटायचे कारण नाही.

दुसरे साम्य मोजण्यातले. वस्तूंसाठी एक संख्या आणि माणसांसाठी वेगळी : दोघे ‘बेर्ट’, तिघे ‘त्रूर’, चौघे ‘क्याहरर’. मराठी चौघांनंतर थकते आणि ‘पाचजण’ म्हणू लागते. आयरिश अशी वेगळी रूपे दहापर्यंत नेते. उलट ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी तिच्यात शब्दच नाहीत. ‘आहे का?’ याला उत्तर ‘आहे’, ‘गेलास का?’ याला ‘गेलो’. आयर्लंडमधली इंग्रजी ऐकताना हीच सवय जाणवते. प्रश्नाला नुसते ‘येस’ न म्हणता क्रियापद परत करण्याची तिथली लकब या जुन्या भाषेची आहे.

खरी अवघड बाजू शब्दांच्या आरंभाची आहे. बहुतेक भाषा शब्दाचा शेवट बदलतात. आयरिश शब्दाचे पहिले अक्षरही बदलते. होडी म्हणजे ‘बॉद’. त्याची, तिची आणि त्यांची या तिन्हींसाठी सर्वनाम एकच, ‘अ’. मग फरक कसा कळणार? ‘अ वॉद’ म्हणजे त्याची होडी, ‘अ बॉद’ तिची आणि ‘अ मॉद’ त्यांची. एके काळी या सर्वनामांच्या शेवटी वेगवेगळे ध्वनी होते आणि पुढच्या अक्षरावर त्यांचा परिणाम होई. पुढे ते ध्वनी गळाले, परिणाम तेवढा उरला. मूळ प्रक्रिया संधीसारखीच, फक्त संधी घडवणारा अर्धा भाग नाहीसा झालेला. लिहिताना मूळ अक्षर आणि बदललेले अक्षर दोन्ही दाखवण्याची पद्धत असल्याने आयरिश लेखन परक्याला अक्षरांचे जंगल वाटते. प्रत्यक्षात त्याचे नियम इंग्रजी लेखनापेक्षा कितीतरी सरळ आहेत.

आठवड्याच्या वारांत मठांचे जीवन गोठून राहिले आहे. शुक्रवार ‘ईने’, म्हणजे उपवास. बुधवार ‘केडीन’, पहिला उपवास. गुरुवार ‘ड्येरडीन’, दोन उपवासांमधला दिवस. वर्षाच्या चक्रात मात्र ख्रिस्ती धर्मापूर्वीचा काळ टिकला. मे महिन्याचे नाव ‘बॅल्टने’, ऑगस्टचे ‘लूनसा’, नोव्हेंबरचे ‘साउइन’. हे तिन्ही जुने ऋतुसण. साउइनच्या आदल्या रात्री या जगाचे आणि त्या जगाचे दार उघडे राहते अशी समजूत होती, आणि आयरिश स्थलांतरितांनी अमेरिकेत नेलेल्या हॅलोविनचे मूळ त्या रात्रीत आहे. चौथा सण फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसाचा. तो संत ब्रिजिटच्या नावाने चालतो आणि २०२३ पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टी आहे. गावगाड्यातला एक शब्द मराठीच्या ओळखीचा वाटेल : ‘मेहल’. पीक काढायला, इंधनासाठी दलदलीतून पीट कापायला शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांकडे राबायचे, मोबदला पैशांत नाही. आपल्याकडची इर्जिक ती हीच.

आडनावांत वंश आणि लिंग दोन्ही बोलतात. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मुलीच्या आडनावात ‘ओ’च्या जागी ‘नी’ येते आणि ‘मॅक’च्या जागी ‘निक’. लग्न झालेल्या स्त्रीसाठी आणखी वेगळे रूप. इंग्रजी अंमलात कारकुनांनी ही नावे कानाला लागली तशी लिहिली, कित्येकांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ स्वतःच टाकून दिले. गावांच्या नावांचेही तेच झाले. ‘दुव लिन’ म्हणजे काळा डोह. त्याचे डब्लिन झाले. आयरिशमध्ये त्या शहराला मात्र वेगळ्याच नावाने, कुडांच्या उताराचे गाव म्हणून ओळखतात. ‘किल दारा’ म्हणजे ओकवृक्षाचे चर्च. त्याचे किल्डेर झाले. डोनेगॉल म्हणजे परक्यांचा किल्ला, आणि ते परके बहुधा व्हायकिंग. १८२४ मध्ये सरकारी मोजणी खात्याने सगळ्या बेटाचे नकाशे करायला घेतले तेव्हा साठ हजारांहून अधिक वाड्यावस्त्यांची नावे इंग्रजी लेखनात बसवली गेली. या कामावर नेमलेले जॉन ओडोनोव्हन गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून मूळ उच्चार आणि अर्थ नोंदवत. नकाशाने नावे मोडली आणि त्याच नकाशासाठी केलेल्या टिपणांनी ती वाचवली, असा हा दुहेरी हिशेब आहे. ब्रायन फ्रील यांच्या १९८० च्या ‘ट्रान्स्लेशन्स’ या नाटकाचा विषय हीच मोजणी.

आता भाषेच्या पडझडीकडे. नॉर्मन सरदार ११६९ मध्ये आले. पण दोनेक शतकांत त्यांचेच वंशज आयरिश बोलू लागले, आयरिश कवींना पदरी ठेवू लागले. इतके, की १३६६ मध्ये किल्केनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश भाषा आणि रीतिरिवाज यांची बंदी करावी लागली. बंदीचा फारसा उपयोग झाला नाही. भाषेवर घाव बसला तो तिचे आश्रयदाते गेले तेव्हा. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक सरदार हरले, १६०७ मध्ये अल्स्टरचे मोठे सरदार देश सोडून युरोपात गेले आणि त्यांच्या जमिनींवर इंग्रज व स्कॉट लोक वसवण्यात आले. त्याबरोबर कवींची गुरुकुले संपली. या कवींचे शिक्षण वर्षानुवर्षे चाले. विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत आडवे पडून मनातल्या मनात कठीण वृत्तांत रचना करत आणि मगच दिवा आणला जाई. आश्रय संपल्यावर कविता थांबली नाही. ती दरबारातून झोपडीत आली. आपले जग बुडते आहे हे ओळखलेल्या पंडितांनी याच काळात मोठे संग्रह केले. १६३२ ते १६३६ या काळात एका फ्रान्सिस्कन बंधूने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयर्लंडचा कालानुक्रमे इतिहास संकलित केला आणि जेफ्री कीटिंग यांनी १६३४ च्या सुमारास डौलदार गद्यात आयर्लंडचा इतिहास लिहिला.

सतराव्या शतकाअखेर आणि अठराव्यात कॅथलिकांवर निर्बंधांचे कायदे आले. जमीन, शिक्षण, शस्त्र, पद सगळ्यांवर बंधने. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा कॅथलिकाने बाळगू नये असाही एक नियम होता. १७७३ मध्ये आर्ट ओ लीअरी या तरुण कॅथलिक सरदाराने आपली घोडी त्या किमतीला विकायला नकार दिला आणि त्या वैरात तो मारला गेला. त्याची पत्नी आयलीन हिने त्याच्यासाठी केलेला विलाप आयरिश वाङ्मयातली श्रेष्ठ रचना गणला जातो. मृतासाठी स्त्रियांनी लयीत रडत गुणगान करण्याची तिथे रूढ परंपरा होती. हा विलाप तिच्यातूनच आला आणि बराच काळ तोंडीच राहिला. १७३७ च्या कायद्याने न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालवण्याचे बंधन घातले. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही त्याचा जीव आणि जमीन दुभाष्याच्या हाती.

तरीही १८०० च्या सुमारास लाखो लोक आयरिश बोलत होते. पुढच्या शतकाने जे केले ते कोणत्याही बंदीने केले नव्हते. १८३१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, शिक्षण इंग्रजीत. मुलांच्या गळ्यात काठी अडकवत. आयरिश शब्द तोंडातून गेला की काठीवर खाच पडे, आणि दिवसाअखेर खाचांप्रमाणे छड्या. हे काम एकटे मास्तर करत नव्हते. अनेक घरांत आईवडीलही खाच पाडत, कारण मुलाला अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये पोट भरायचे आहे हे त्यांना माहीत होते. सर्वांत मोठे लोकनेते डॅनियल ओकॉनेल यांची मातृभाषा आयरिश. वर उल्लेख आलेल्या आयलीनचे ते भाचे. पण भाषा मागे पडते याचे त्यांना दुःख नव्हते, इंग्रजी अधिक उपयोगी असे त्यांचे उघड मत होते. भाषा केवळ शत्रूने मारली, हे नंतरच्या राष्ट्रवादी इतिहासाने रंगवलेले चित्र म्हणूनच अपुरे आहे.

मग दुष्काळ आला. गरीब शेतकरी बव्हंशी बटाट्यावर जगत. १८४५ मध्ये बुरशीच्या रोगाने पीक कुजले आणि १८४९ पर्यंत ते पुन्हा पुन्हा गेले. देशातून धान्य आणि गुरे बाहेर जातच होती. सुमारे दहा लाख लोक भुकेने आणि तापाने मेले, त्याहून अधिक देशाबाहेर गेले. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५० हजारांवर आली. मेले आणि गेले ते प्रामुख्याने पश्चिम आणि दक्षिणेतले गरीब, म्हणजे नेमके आयरिशभाषक. १८५१ मध्ये आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख नोंदले गेले, १८९१ मध्ये ६ लाख ८० हजार. भाषा भुकेशी, अडाणीपणाशी आणि लाजेशी जोडली गेली. हा घाव आकड्यांत दिसणाऱ्या घावापेक्षा खोल होता.

जाता जाता आयरिशने इंग्रजीला शब्द दिले, पण थोडे, आणि त्यांतले बरेच हिणकस संदर्भात. ‘व्हिस्की’ हा ‘इश्के बाहा’, जीवनाचे पाणी, याचा अवशेष. ‘गो ल्योर’, पुरेसे, याचा ‘गलोर’ झाला. ‘तोरी’ म्हणजे पाठलाग करणारा. सतराव्या शतकात जमिनी गमावून रानात शिरलेल्या आयरिश बंडखोर लुटारूंना ते नाव पडले आणि १६८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका पक्षाला शिवी म्हणून चिकटले. ब्रिटनचा हुजूर पक्ष आज ते नाव निमूटपणे वागवतो.

एक शब्द मात्र आयरिश भाषेचा नसून आयरिश लढ्याचा आहे. १८८० मध्ये मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटवर कुळांनी सर्वांगीण बहिष्कार घातला. मजूर, दुकानदार, टपालवाला कोणी त्याच्याकडे फिरकेना. पीक काढायला बाहेरून माणसे आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावे लागले. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या चळवळीत हाच ‘बॉयकॉट’ महाराष्ट्रातल्या सभांत घुमला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार म्हणून बसला. होमरूल हा शब्दही आयर्लंडचाच. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला.

त्या उठावामागे भाषेची चळवळ होती. डग्लस हाइड हे रॉसकॉमनमधल्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे पुत्र. ते आयरिश शिकले शेजारच्या गरीब माणसांकडून. १८९३ मध्ये त्यांनी ओइन मॅकनील यांच्यासह कॉनरा ना गेल्गे ही संस्था काढली. वर्ग, मेळावे, पुस्तके, नाटके यांचे जाळे देशभर पसरले. हाइड यांना भाषा राजकारणापासून अलिप्त ठेवायची होती. ते साधले नाही. उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स याच संस्थेत घडलेले. त्यांनी १९०८ मध्ये काढलेल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी १९१३ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये एक नाटक केले. त्याच रात्री तिथे रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ही रंगले.

१९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले आणि आयरिश राष्ट्रभाषा ठरली. १९३७ च्या घटनेच्या आठव्या कलमाने ती पहिली अधिकृत भाषा झाली, आणि पुढच्याच वर्षी हाइड देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. भारतीय घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे याच आयरिश घटनेवरून घेतलेली आहेत. शाळांत आयरिश सक्तीची झाली, सरकारी नोकरीसाठी आवश्यक झाली, १९५८ मध्ये प्रमाण व्याकरण आणि लेखन ठरले, जुने गेलिक वळणाचे टाइप जाऊन रोमन आले. घरात भाषा परतली नाही. तेरा-चौदा वर्षे शिकून साधे संभाषण न करता येणाऱ्या पिढ्या या धोरणाने तयार केल्या. भाषेचा मान वाढला आणि वापर घटत राहिला.

आयरिश घरात बोलली जाते असा भाग म्हणजे गेल्टाख्ट : डोनेगॉल, मेयो, गॉलवे, केरी, कॉर्क, वॉटरफर्ड यांचे बहुतांशी समुद्राकडचे तुकडे आणि १९३५ मध्ये कॉनेमाराची कुटुंबे नेऊन वसवलेली मीथ परगण्यातली वस्ती. केरीच्या किनाऱ्यापलीकडच्या ग्रेट ब्लॅस्केट या छोट्याशा बेटाने भाषेला नवल वाटावे असे गद्य दिले. टोमास ओ क्रिहन या कोळ्याचे आत्मचरित्र १९२९ मध्ये निघाले, पेग सेयर्स या बाईने सांगितलेले १९३६ मध्ये. १९५३ मध्ये बेट रिकामे झाले. पेगचे पुस्तक शाळेत लावल्यामुळे पुढच्या पिढ्यांना ते नकोसे झाले. अभ्यासक्रम चांगल्या पुस्तकाचे काय करतो याचा तो नमुना. त्यानंतरची सर्वांत मोठी कादंबरी मार्टीन ओ काइन यांची, १९४९ ची ‘क्रे ना किले’. तिच्यातली सगळी पात्रे मेलेली आहेत आणि थडग्यांतून एकमेकांशी भांडत असतात. भाषेच्या मृत्यूवर रडणाऱ्यांना याहून खट्याळ उत्तर कोणी दिलेले नाही.

१९७२ मध्ये गेल्टाख्टची आकाशवाणी आली, १९९६ मध्ये दूरचित्रवाहिनी, २००७ मध्ये युरोपीय संघात अधिकृत भाषेचे स्थान. पण सरकारच्या कोणत्याही योजनेपेक्षा बोधप्रद उदाहरण बेलफास्टचे आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिले, तिथे भाषेला राजाश्रय नव्हता. १९६९ मध्ये शहराच्या पश्चिमेला शॉज रोडवर काही तरुण कुटुंबांनी शेजारी शेजारी घरे बांधायला घेतली. अट एकच, मुलांशी आयरिशमध्ये बोलायचे. त्यांच्यापैकी कोणाचीही ती मातृभाषा नव्हती. १९७१ मध्ये त्यांनी नऊ मुलांची शाळा काढली. तिला सरकारी अनुदान मिळायला १९८४ साल उजाडले. आज दोन्ही आयर्लंडांत आयरिश माध्यमाच्या शाळांना मागणी आहे, आणि ती प्रामुख्याने अशाच पालकांनी उभी केली आहे.

२०२२ च्या जनगणनेत प्रजासत्ताकातल्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. लोकसंख्येच्या चाळीस टक्के. शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजार. भाषेची खरी ताकद दुसऱ्या आकड्याने मोजावी लागते. ती थोडी आहे, पण गेल्या शतकातल्या भाकितांना खोटी ठरवण्याइतकी आहे. त्याच २०२२ साली ब्रिटिश संसदेने उत्तर आयर्लंडसाठी भाषेचा कायदा केला. त्यात आयरिशला अधिकृत मान्यता आहे, आणि न्यायालयात इंग्रजीची सक्ती करणारा १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूदही आहे.